पावसात खुराड्यातलं तूस ओलं होतंय, वास मारतोय, काय करावं?

परसातली_कोंबडी (दापोली)
नमस्कार मंडळी. घरामागे वीसेक कोंबड्या आहेत, निम्म्या गावठी निम्म्या गिरिराज (सुधारित जात). दिवसभर मोकळ्या, तिन्हीसांजेला आत. खाली कोबा आणि त्यावर भात गिरणीतलं तूस. मेपर्यंत काही त्रास नव्हता पण पाऊस लागल्यापासून दाराजवळ आणि पाण्याच्या भांड्याभोवती तुसाचा थर बसतोय, सकाळी दार उघडलं की डोळे चुरचुरतात. शेजारचे म्हणतात चुना मार. काढलेलं तूस थेट माडांना घालू का? आणि अजून एक, मागचं परडं कोंबड्यांनी पार उकरून काढलंय, गवताचं पान नाही, नुसता चिखल, आणि खाद्याचे भाव तर बघताय. चाऱ्याचं काय करता तुम्ही लोक?

जांभाखडी
डोळे चुरचुरतात तो ओल्या शिटेतून सुटणारा अमोनिया वायू. माणसाला झोंबतोय म्हणजे रात्रभर जमिनीलगत बसणाऱ्या कोंबडीची काय गत होत असेल बघा, सर्दी-घरघर तिथूनच सुरू होते. भरल्या खुराड्यात चुना मारू नका, चुन्याने तो वायू उलट अजून सुटतो. खुराडं पूर्ण रिकामं करून धुतलंत की कोब्याला मारा, तिथे उत्तम.

आधी पाणी कुठून येतंय ते बघा. झडीचं येत असेल तर त्या बाजूला झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधा पण वरची हातभर जागा उघडी ठेवा, सगळं बंद केलंत तर दमट हवा आतच कोंडते. पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा, खाली विटा आणि जाळी. ओला थर आजच फावड्याने काढून टाका आणि कोरडं तूस चार-सहा इंच भरा, मग रोज सकाळी दातेरी पंजाने खालवर करायचं. मूठभर घेऊन दाबून बघा, हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओलं आहे, हळूच सुटला तर ठीक. आणि रात्रीची सगळी शिट कोंबड्या बसतात त्या दांडीखालीच पडते, तिथे एक फळी टाकून रोज खरवडून घेतलीत तर निम्मं काम तिथेच संपतं.

खतवाले_काका
थेट माडांना नको. ताजी कोंबडीची शिट फार जहाल, मुळं करपतात. त्यात नत्र (नायट्रोजन) भरमसाठ आणि कर्ब (कार्बन) कमी, खत नीट कुजायला एक भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. तूस कर्बच आहे पण त्यात सिलिका असल्यामुळे ते कुजायला वेळ घेतं, म्हणून आंब्या-काजूचा पाचोळा मार्च-एप्रिलातच पोती भरून ठेवावा, पावसात तो सोन्यासारखा उपयोगी पडतो. ढीग निदान तीन फूट लांब-रुंद-उंच करा, लहान ढीग तापत नाही. आत 55 ते 60 अंश गेलं तर रोगजंतू, जंतांची अंडी बरीचशी मरतात, म्हणून उलथापालथ करताना बाहेरचं आत घाला. वरून ताडपत्री पाहिजेच, नाहीतर आपल्याकडच्या पावसात सगळं सत्त्व वाहून ओढ्याला. तयार खताला मातीचा वास येतो, मग ते बुंध्याला न चिकटवता चार-पाच फूट लांब आळ्यात घाला. मेलेली कोंबडी मात्र या ढिगात टाकू नका, कुजलेल्या मासातल्या अळ्या खाऊन बाकीच्यांच्या माना लुळ्या पडतात. खोल पुरा, वर चुना.

कुडाळची_ताई
परड्याचे जाळीने दोन-तीन भाग करा, एका भागात कोंबड्या असताना दुसऱ्यात गवत वर येऊ द्या. नुसतं गवतासाठी नाही सांगत, ओल्या उबदार चिखलात रक्ती हगवणीचे जंतू तयार होतात आणि पिल्लं पटापट जातात. पिल्लं मोठ्यांच्या चिखलात सोडूच नका. शिटेत रक्त दिसलं की पशुवैद्यांकडे त्याच दिवशी.

चाऱ्याला शेवग्याचा पाला, हादगा, मोड आलेली नाचणी. सुबाभूळ थोडाच, त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं) मी सावलीत ताडपत्रीच्या खड्ड्यात करते, पण लोक सांगतात तेवढा चमत्कार नाही तो. वाळल्यावर वीस-पंचवीस टक्के प्रथिनं असतात हे खरं, पण ओल्यात नव्वद टक्क्यांवर पाणीच! म्हणून अंडी देणाऱ्या कोंबडीचं खाद्य बंद करू नका, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा. पाऊस उघडला की जुन्या मडक्यात शेण, फाटकं गोणपाट, काटक्या भरून थोडं ओलं करून वारुळाजवळ पालथं ठेवा, सकाळी वाळवी भरलेली असते, पिल्लं तुटून पडतात.

परसातली_कोंबडी (दापोली)
खूप आभार सगळ्यांचे. झापं आजच बांधतो. तूस गिरणीवरच भिजलेलं मिळतंय सध्या, लाकडाचा भुसा चालेल का?

जांभाखडी
चालेल, पण रंधा मारलेल्या चुऱ्यासारखा जाडसर घ्या, पिठासारखा बारीक नको, नाकात जातो आणि पिल्लं खातात. प्लायवुडचा तर अजिबात नको, गोंद असतो. भिजलेलं तूस वाळवून सुद्धा टाकू नका, एकदा बुरशी धरली की ती आतच राहते.