मदत हवी आहे: २७ इंची मॉनिटर घ्यायचाय, रिझोल्यूशन कोणतं घेऊ?

नमस्कार मंडळी. मी घरून मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासते. सध्याचा मॉनिटर २४ इंची, १९२० × १०८०. दोन पानं शेजारी शेजारी लावली की अक्षर फार बारीक होतं, म्हणून २७ इंची घ्यायचं ठरवलंय.

दुकानात २७ इंचीवर हेच रिझोल्यूशन पाहिलं आणि मन खट्टू झालं. इंचाला ९२ पिक्सेल होते, ते ८२ वर येतात. माझीच पीडीएफ उघडली, तर रफाराला चिकटून अनुस्वार दिसेनासा झालेला. 'सर्वांना' आहे की 'सर्वाना' तेच कळेना, आणि माझं तर कामच ते!

२५६० × १४४० घेतला तर १०९ पिक्सेल मिळतात. मुलगा म्हणतो, घ्यायचाच तर ४के (३८४० × २१६०) घे, १६३ मिळतील. पण माझ्या जुन्या लॅपटॉपला मॉनिटर जोडायचं पोर्ट जुनं, एचडीएमआय १.४ आहे, त्यावर ४के ३० हर्ट्झलाच, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवरच चालतं. पानं सरकवताना डोळ्यांना त्रास होईल ना? शिवाय १५० टक्के स्केलिंग लावलं, म्हणजे अक्षरं दीडपट मोठी केली, की जागा २५६० × १४४० एवढीच उरते.

दिवसभर देवनागरी वाचणाऱ्यांनी कृपया सांगा, १४४० वर काना-मात्रा स्वच्छ दिसतात का? टेबल दोन फूट खोल आहे, बजेट २० हजार.