‘एसटी मोडीत काढा’ म्हणणाऱ्यांसाठी

माढेकर
परवा इथे एकाने लिहिलं: भाडं वाढवायचं, संप करायचा, वर दहा हजार कोटींचा तोटा दाखवायचा, असली एसटी मोडीत काढा आणि रूट खाजगीवाल्यांना देऊन टाका. खाली अंगठ्यांची रांग. डोकं तापलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

25 जानेवारी 2025 ला 14.95 टक्के वाढ झाली, बरोबर. त्याआधीची वाढ ऑक्टोबर 2021 ची. मधल्या तीन वर्षांत टायर, सुटे भाग, पगार जागच्या जागी होते का? तिकिटावर 17.5 टक्के प्रवासी कर लागतो, तो सरकारजमा होतो. टोल भरायचा तो वेगळाच.

सोलापूर-पुणे खाजगीवाले आनंदाने चालवतील, आजही चालवतात. पण करमाळा, सांगोला, मंगळवेढ्याच्या आतल्या गावांना रात्री मुक्कामी गाडी कोण पाठवणार? पहाटे त्याच गाडीने पोरं कॉलेजला आणि म्हातारी माणसं दवाखान्याला निघतात. त्या फेरीत डिझेल सुटत नाही, तरी एसटी जाते. तोटा म्हणतात तो यातला बराचसा आहे.

सातरस्ता_सोलापूर
मुक्कामी गाडीचं कौतुक पुरे ओ. संपात ती मुक्कामी गाडी कुठं होती? नोव्हेंबर 2021 ला बंद झालेली एसटी एप्रिल 2022 ला रुळावर आली. माझा भाचा तेव्हा डिप्लोमाला होता. करोनानंतर कॉलेज उघडलं आणि एसटी बंद. रोज वडापमध्ये, म्हणजे खाजगी जीपमध्ये, मागच्या फळीवर लटकून यायचा. शेवटी बहिणीने गळ्यातलं गहाण टाकून त्याला जुनी मोटारसायकल घेऊन दिली. तो परत एसटीत बसला नाही. असे किती प्रवासी कायमचे गेले?

सरकारने नोव्हेंबरमध्येच नोकरीच्या वर्षांप्रमाणे पाच, चार आणि अडीच हजारांची पगारवाढ दिली होती. तेव्हाच कामावर यायचं होतं. एसटी राज्य सरकारात विलीन करा ही मागणी होती, पण विलीनीकरण शक्य नाही असं समितीने सांगितलं, शेवटी हायकोर्टाने 22 एप्रिलची मुदत दिली तेव्हा लोक हजर झाले. त्यात मिळालं काय?

वाहकाचा_मुलगा
काका, मिळालं काय हे आमच्या घरात येऊन विचारा. करोनात पगार थकले हे रोज पेपरात येत होतं. आमच्याकडे किराणा दुकानदाराने वही बंद केली होती. विलीनीकरण म्हणजे आम्हाला कलेक्टर व्हायचं नव्हतं. ठरलेल्या तारखेला पगार मिळावा, एवढ्यासाठी माणसं थंडीत डेपोच्या गेटवर बसली होती. सप्टेंबर 2024 ला गणपतीच्या तोंडावर दोनच दिवस बसले, तर मूळ पगारात साडेसहा हजारांची वाढ जाहीर झाली. शांतपणे निवेदनं देत होते तेव्हा कुणी बोलावलं होतं?

आणि भाडेवाढीची शिवी कोण खातं? वाहक. सहा किलोमीटरचा टप्पा 8.70 वरून 10.05 झाला, म्हणजे तिकीट 11, 21, 31. वरचा एक रुपया कुठून आणायचा? दर स्टॉपला भांडण.

अक्कलकोट_रोड
सुट्ट्या पैशांचं सोडा. तोट्याचं खरं कारण बोलायला कुणी तयार नाही. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, 75 च्या वरच्यांना तर ऑगस्ट 2022 पासूनच फुकट. पूर्ण पैसे भरणारा पुरुष दारात उभा आणि अर्धे भरणाऱ्या बसलेल्या. एका गावच्या बाजाराला चौघी-चौघी जातात. आमच्या भाड्यावर हे चाललंय.

विडी_घरकुल
तुमच्या भाड्यावर नाही चालत दादा. उरलेलं अर्धं सरकार एसटीला भरून देतं. ही सवलत एसटीने खिशातून दिलेली नाही.

चौघी बाजाराला जातात हे तुम्हाला खुपतंय. माझी आई आयुष्यभर विड्या वळत आली. हजार विड्यांमागे काय मिळतं ते सोलापूरच्या पूर्व भागात कुणालाही विचारा. माहेर अक्कलकोट तालुक्यात, पण आजी आजारी असताना सुद्धा तिला जायचं म्हटलं की बाबांपुढे हात पसरावा लागायचा. आता ती कुणाला न विचारता जाते. तुम्ही उभे राहता त्याला गाड्या कमी आहेत हे कारण आहे, माझी आई नाही.

अक्कलकोट_रोड
आईबद्दल मी काही बोललो नाही, उगाच अंगावर येऊ नका. सरकार भरून देतं म्हणता, वेळेवर देतं का? सवलत जाहीर करणार मंत्री, फोटो त्यांचा, आणि पैसे येईपर्यंत डिझेल भरणार महामंडळ.

वाहकाचा_मुलगा
ह्याला मात्र मी हो म्हणेन. पगार लांबतो तो इथंच. पण मग राग सरकारवर काढा की, ताईंवर कशाला? सवलत आल्यावर गाड्या भरून वाहायला लागल्या हे वडील स्वतः सांगतात.

अक्कलकोट_रोड
भरून वाहतात म्हणूनच तर म्हणतोय. अर्धं तिकीट ठेवायचं तर गरीब बाईला ठेवा. सोन्याने मढलेल्या बाईला कशाला?

विडी_घरकुल
आणि ते ठरवणार कोण? वाहक? दारात उभं राहून रेशनकार्ड तपासणार? तुम्ही सांगताय तसं केलं तर पहिली खाली उतरवली जाईल ती माझ्या आईसारखीच, कारण कागद तिच्याचकडे नसतात.

सातरस्ता_सोलापूर
विषय संपाचा होता, अर्ध्या तिकिटात अडकला. पुण्याला खाजगी ट्रॅव्हल्स रांगेत उभ्या आहेत. स्पर्धा येऊ द्या, आपोआप सुधारेल.

माढेकर
स्पर्धा? मागच्या दिवाळीत मुलगी पुण्याहून येणार होती. एका ट्रॅव्हल्सवाल्याने नेहमीच्या तिप्पट मागितले, आणि ऐनवेळी गाडी बदलून स्लीपरच्या जागी सीटवर बसवलं. एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही असा सरकारी निर्णय 2018 पासून आहे. एसटी आहे म्हणून निदान दीडपट कशाची ते सांगता येतं. तीच मोडली तर कशाशी तुलना करणार?

आणि सोलापूरकराने तरी हे बोलू नये. सिटी बसचं काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. केंद्राच्या जेएनएनयुआरएम योजनेतून आलेल्या नव्या गाड्यांच्या चेसिसला तडे गेले, गाड्या डेपोत उभ्या राहिल्या, पगार थकले. त्या जागी कुठली कंपनी स्पर्धेला आली? रिक्षात पाच-सहा जण कोंबून आपण जातोय.

सातरस्ता_सोलापूर
सिटी बसचं खरं आहे. ते नाकारत नाही. तिप्पट भाड्याचंही नाही, मी स्वतः भरलंय. पण संपाचा मुद्दा तुम्ही टाळताय. ऐन आषाढीत गाड्या बंद ठेवल्या तर पंढरपूरला निघालेल्या माणसाने काय करायचं?

वाहकाचा_मुलगा
आषाढीला महाराष्ट्रभरचे चालक-वाहक घर सोडून पंढरपुरात ड्युटी करतात. वारकऱ्याला कोण आणतं आणि कोण परत पोचवतं, ते आम्हाला शिकवू नका.

सातरस्ता_सोलापूर
शिकवत नाही रे बाबा. वडिलांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण संप करायचा तर शाळा-कॉलेजच्या फेऱ्या सोडून करा. दवाखान्यात सुद्धा अपघात विभाग चालू ठेवून संप करतात.

वाहकाचा_मुलगा
ही मागणी युनियनपुढे मांडायला माझी हरकत नाही. वडील म्हणतील का नाही, सांगता येत नाही.

अक्कलकोट_रोड
आधी गाड्या आणा. पूर्वी अठरा हजारांच्या आसपास होत्या, त्या कमी झाल्या. 5,150 इलेक्ट्रिक गाड्या भाड्याने घ्यायचा करार केला, त्यातल्या आपल्या तालुक्याला किती दिसल्या? तोवर मी उभाच राहणार आणि पूर्ण भाडंही देणार.

विडी_घरकुल
ह्या मागणीला माझी पण सही घ्या. गाड्यांसाठी निवेदन द्यायचं असेल तर आमच्या वस्तीतल्या बायका येतील. पण त्यात अर्धं तिकीट बंद करा असं एक अक्षर नको.

अक्कलकोट_रोड
नसेल. मसुदा तुम्हीच लिहा, मी वाचल्याशिवाय सही करणार नाही.