अनुभव धागा : नाशिककरांनो, तुमचे म्हणणे दप्तरी कसे लागले?

मतदान पाच वर्षांतून एकदा होते. मधल्या काळात ज्यांनी आपले म्हणणे शासनापर्यंत नेले, त्यांनी काय केले, कोणता कागद दिला आणि त्याचे पुढे काय झाले, एवढेच येथे लिहावे; पक्षांविषयीची मते कृपया दुसरीकडे मांडावीत.

इंदिरानगर, निवृत्त अभियंता : आमच्या वसाहतीतील रस्ता पहिल्याच पावसात उखडला. तोंडी तक्रारींना ‘पाहतो’ याखेरीज उत्तर मिळेना, म्हणून मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. ही मर्यादा जाचक खरी, पण तिच्यामुळे गाऱ्हाणे बाजूला ठेवून नेमके मागण्याची सवय लागते. रस्ता का खराब झाला, असे विचारल्यास ‘प्रश्नार्थक माहिती देय नाही’ असे उत्तर ठरलेले असते. त्यामुळे कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि अंतिम देयक यांच्या प्रतीच मागितल्या. ३० दिवसांची मुदत उलटल्यावर प्रथम अपील केले, तेव्हा त्या मिळाल्या. दोषदायित्व कालावधी संपलेला नाही, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची आहे, हे त्यांतून स्पष्ट झाले. तेवढेच लिहून, प्रत जोडून पुन्हा अर्ज दिला आणि पोच घेतली. काम त्यानंतर सुरू झाले.

सिन्नर तालुका, बचत गटातील सदस्या : नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, अशी कायद्यात तरतूद आहे, आमच्याकडे ती सह्यांपुरतीच होत असे. आम्ही पाण्याचा विषय ग्रामसेवकांना आधी लेखी देऊ लागलो आणि ठराव लिहून झाल्यावर तो सभेतच वाचून दाखवण्याचा आग्रह धरू लागलो, कारण बोललेले आणि इतिवृत्तात उतरलेले यांत पुष्कळ अंतर पडते.

पंचवटी : २०२५ मध्ये कुंभमेळ्याच्या तयारीसाठी तपोवनातील झाडांचा प्रश्न आला, तेव्हा मी लेखी हरकत नोंदवली. शहरी भागातील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, हे मला तेव्हाच कळले.

सुरगाणा तालुका, शेतकरी : वरील सर्वांनी कागदाचे महत्त्व सांगितले, ते मान्य आहे. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याखालील आमचे दावे ग्रामसभेपासून जिल्हा समितीपर्यंत कागदावरच होते आणि वर्षानुवर्षे तेथेच राहिले. म्हणून ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेल्या मोर्चात आम्ही मुंबईपर्यंत चालत गेलो. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये, यासाठी शेवटचा टप्पा रात्रीच पार करून आझाद मैदान गाठले. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. तालुक्याचे हेलपाटे त्यानंतरही चुकले नाहीत. मात्र त्या आश्वासनाची छायाप्रत आता प्रत्येक अर्जाला जोडता येते.