टॅमॉक्सिफेनचा 'जनक' एकटा क्रेग जॉर्डनच का?

पेशीवेडा (धागाकर्ता):
औषधशास्त्रज्ञ क्रेग जॉर्डन जून २०२४ मध्ये गेले. त्यांना टॅमॉक्सिफेनचे, म्हणजे स्तनाच्या कर्करोगावरच्या गोळीचे, 'जनक' म्हणतात आणि मला ते पटतं. आयसीआय ही ब्रिटिश कंपनी गर्भनिरोधक शोधत होती. हे रसायन उंदरांमध्ये गर्भधारणा रोखायचं, बायकांमध्ये मात्र उलट बीजनिर्मितीला चालना द्यायचं. म्हणजे कंपनीच्या दृष्टीने फसलेली गोळी. जॉर्डन यांनी लीड्सला पीएचडी केली तीच अशा फसलेल्या गर्भनिरोधकांवर, आणि पुढची पन्नास वर्षं ते याच रेणूला धरून राहिले. स्तनाच्या गाठीतल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरवर, म्हणजे पेशीत या स्त्री-संप्रेरकाच्या बसायच्या जागेवर, ही गोळी ठाण मांडते आणि इस्ट्रोजेनला तिथे बसू देत नाही. हे आज पाठ्यपुस्तकात आहे, पण सत्तरच्या दशकात यावर करिअर पणाला लावायला छाती लागत होती. तेव्हा सगळ्यांचं लक्ष केमोथेरपीकडे होतं.

काटेकोर:
असहमत. हा रेणू १९६२ मध्ये आयसीआयच्या रसायनशास्त्रज्ञ डोरा रिचर्डसन यांनी बनवला. आर्थर वॉलपोल यांनी कंपनीत तो लावून धरला. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमधून मेरी कोल यांच्या गटाने ४६ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यातल्या १० जणींना फायदा झाला होता. तेव्हा जॉर्डन विद्यार्थी होते! त्यांचे प्रयोग छापून येण्याआधीच, १९७३ मध्ये, ब्रिटनमध्ये औषधाला परवानगी मिळाली. ज्या बाईने रेणू घडवला तिचं नाव किती जणांना माहीत आहे? मला याचा खरंच त्रास होतो.

पेशीवेडा:
रिचर्डसनबाईंचं नाव घ्यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण औषध आलं ते कोणासाठी? रोग शरीरभर पसरलेल्यांसाठी. जॉर्डन यांनी उंदरांना स्तनात गाठी उठवणारं रसायन दिलं आणि मग टॅमॉक्सिफेन. थोडे दिवस दिलं तर गाठी उशिरा आल्या, पण आल्याच. देत राहिले तोवर बहुतेकींना आल्याच नाहीत. म्हणजे गोळी पेशी मारत नाही, दाबून धरते. ऑपरेशननंतर वर्षभर देऊन थांबायचं नाही, हा विचार इथून आला. ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या, रुग्णांमध्ये पाच वर्षांच्या गोळीने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात.

काटेकोर:
ते सिद्ध केलं चाचण्यांत भाग घेतलेल्या हजारो बायकांनी. उंदरांनी नाही.

सावली:
दादा, मी त्याच गोळीवर आहे. पाचवं वर्ष चालू आहे. रात्री तीनला जाग येते तेव्हा मान, पाठ, उशी सगळं ओलं. अंगावरचं पांघरूण फेकते आणि दहा मिनिटांनी थंडी वाजते म्हणून पुन्हा ओढते. त्यामुळे जनक कोण यापेक्षा मला जॉर्डन यांचं एकच काम मोठं वाटतं. १९८८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने एकाच उंदरात दोन मानवी गाठी रुजवल्या, एक स्तनाची, एक गर्भाशयाच्या अस्तराची. टॅमॉक्सिफेनने स्तनाची थोपली, गर्भाशयाची मात्र वाढली. आयुष्य ज्या औषधाला वाहिलं त्याचाच धोका या माणसाने दाखवला, दडवला नाही. आज प्रत्येक तपासणीत डॉक्टर मला 'रक्तस्राव झाला का' हे आधी विचारतात, ते याच धोक्यामुळे.

काटेकोर:
ताई, हे मला मान्य आहे. याच प्रामाणिकपणासाठी मी त्यांना मानतो. पण त्याही शोधनिबंधावर पहिलं नाव मार्को गॉटार्डिस यांचं आहे, आणि चौघा लेखकांत पी. जी. सत्यस्वरूप हेही आहेत. 'जनक' म्हटलं की ही सगळी नावं पुसली जातात. माझं भांडण त्या शब्दाशी आहे.

पेशीवेडा:
बरं, 'जनक' सोडतो. पण दिशा त्यांची होती, हे सोडणार नाही. स्तनात इस्ट्रोजेनला अडवणारा रेणू हाडात मात्र इस्ट्रोजेनसारखा वागतो, हे त्यांनी १९८७ मध्ये उंदरांत दाखवलं, टॅमॉक्सिफेन आणि रॅलॉक्सिफेन दोन्हींबाबत. रॅलॉक्सिफेन पुढे हाडांच्या ठिसूळपणावरचं औषध झालं, आणि धोका जास्त असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग टाळायलाही वापरात आलं.

सावली:
माझ्यापुढचा प्रश्न आता वेगळाच आहे. दहा वर्षं घेतली तर रोग उलटण्याचा धोका आणखी कमी होतो, गर्भाशयाच्या कर्करोगाचा वाढतो. पुढच्या महिन्यात डॉक्टरांसमोर बसून ठरवायचं आहे. इथे दहा वर्षं पूर्ण केलेलं कुणी असेल तर कृपया लिहा.