फॉरमॅट मारण्याआधी: तुमच्या पीसीचं खरं दुखणं काय निघालं?

धागाकर्ता, परभणी

आपल्याकडं पीसी बिघडला की तपासणीआधीच औषध ठरलेलं असतं: "फॉरमॅट मारून घ्या." मशीन हळू चाललंय, फॉरमॅट. प्रिंट येईना, फॉरमॅट. मराठी अक्षरं दिसेनात, तरी फॉरमॅट. मग ड्रायव्हर शोधत बसा, टॅली परत टाका, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर परत टाका. आणि डेस्कटॉपवरच्या फायलींचं कुणी विचारायचंच नाही.

म्हणून हा धागा. लक्षण काय होतं, पहिला संशय कुणावर गेला आणि शेवटी निघालं काय, एवढं लिहा. विंडोज कोणतं ते सांगा, लिनक्सवाल्यांनीही लिहा. दुकानाचं, कंपनीचं, ऑफिसचं नाव नको, नाहीतर धागा भांडणात वाहून जातो.

सुरुवात मीच करतो. एका कृषी सेवा केंद्राच्या उधारीसाठी पीएचपीत केलेलं छोटं सॉफ्टवेअर, झॅम्पवर (पीसीतच वेबसर्व्हर नि डेटाबेस चालवणारं पॅकेज) चालणारं. मे महिन्यात लाईट गेली आणि यूपीएसची बॅटरी कधीचीच बसलेली. लाईट आल्यावर अपाची (वेबसर्व्हर) सुरू झालं, मायएसक्यूएल (डेटाबेस) मात्र हिरवं होऊन लगेच विझायचं. मालकाचा फोन: "सर, उधारीची वही गेली का हो सगळी?"

वही गेलेली नव्हती. लिहिता लिहिता वीज गेली की इनोडीबीच्या (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) फायली अर्धवट राहतात आणि सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो. यावर जो तो एकच उपाय सांगतो: डेटा फोल्डर उडवा, शेजारचं बॅकअप फोल्डर त्या जागी टाका. तसं केलं की मायएसक्यूएल चालू होतं खरं, पण ते बॅकअप म्हणजे झॅम्पसोबत आलेला कोरा सांगाडा, तुमची उधारी त्यात नसते. आणि नुसतं आपल्या डेटाबेसचं फोल्डर परत आणूनही भागत नाही, कारण तक्त्यांची नोंद आयबीडेटा१ या फायलीत असते.

मी आधी अख्खं डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी केलं. मग एरर लॉग वाचला. मग माय डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये इनोडीबी फोर्स रिकव्हरी (बिघाड असूनही सर्व्हर उठवायची सोय) १ केली, सर्व्हर उठला, लगेच डंप (सगळ्या डेटाची प्रत) काढला आणि कोऱ्या डेटावर तो चढवला. हा आकडा १ पासून ६ पर्यंत असतो. ४ किंवा त्याच्या पुढं गेलात तर उरलेला डेटाही कायमचा खराब होऊ शकतो, तेव्हा खालूनच वर चढा.

सेतूवाला, वसमत

जूनमध्ये आमच्याकडं उत्पन्नाचे, नॉन क्रिमीलेअरचे दाखले काढायला रांग बाहेरच्या लिंबापर्यंत जाते. बरोबर तेव्हाच प्रिंट अडकते. रांगेतल्या पाहुण्यांनी "दादा, निघालं का?" विचारायचं, आणि स्क्रीनवर एक कागद "डिलीटिंग" असं दाखवत हटून बसलेला. प्रिंटर बंद-चालू केला, केबल काढून लावली, पोरानं ड्रायव्हरसुद्धा परत टाकला. कागद जागचा हलला नाही.

कारण तो कागद प्रिंटरमध्ये नसतोच, विंडोजच्या स्पूलरमध्ये (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) असतो. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवायचा, सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे त्यातलं रिकामं करायचं (फोल्डर नाही उडवायचं, आतलं उडवायचं), स्पूलर सुरू करायचा. झालं. मी या तीन कामांची बॅच फाइल करून डेस्कटॉपवर ठेवलीय. तिच्यावर राइट क्लिक करून रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटरच करावं लागतं, नाहीतर काळी खिडकी येते, जाते आणि काहीच होत नाही.

वायफायच्या प्रिंटरचं दुखणं वेगळं. लाईट जाऊन आली की राउटर त्याला नवा आयपी देतो आणि पीसी जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवला तेव्हा ती कटकट थांबली.

मोंढ्यातला मुनीम, जालना

आमचं लहान आहे. सकाळी पीसी लावला की एकही साइट उघडेना, सगळीकडं "कनेक्शन सुरक्षित नाही". नेटवाल्याला फोन, मग अँटिव्हायरसवर संशय, मग शेजारच्यानं फॉरमॅटचा सल्ला दिलाच. खाली कोपऱ्यात तारीख बघितली तर काही वर्षं मागं. साइटच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमचं घड्याळ त्या मुदतीच्या बाहेर असलं की ब्राउझर दार लावून घेतो.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला, वेळ लावली, काम झालं. पीसीला बाहेरून वीज मिळत असेल तोवर घड्याळ त्या विजेवर चालतं, या सेलवर ताण येत नाही. आमच्यासारखं रात्री बोर्डाचं बटण बंद करून जाणाऱ्यांचा आणि लोडशेडिंगवाल्यांचा सेल लवकर संपतो. बिलावर जुनी तारीख पडलेली दिसली तर आधी हेच बघा.

डीटीपीवाली, अंबाजोगाई

मराठी अक्षरांवर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण फॉरमॅटनं सुटणार नाही असा हा खास प्रश्न आणि नेमका त्यालाच लोक फॉरमॅट मारतात.

आमच्याकडं पत्रिका, अहवाल, पतसंस्थांची वार्षिक पुस्तकं येतात. निम्म्या फायली जुन्या फॉन्टमधल्या: शिवाजी, श्रीलिपी, डीव्हीबी योगेश. या फॉन्टमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्यांच्या जागी मराठी आकार काढलेले. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की इंग्रजी कचरा दिसतो. पीसी ठीक आहे, फाइलही ठीक आहे. तो फॉन्ट टाका किंवा कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये न्या, आणि नेल्यावर रफार नि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासाच. "वर्ष", "पुर्‍या", "कार्यालय" हे शब्द मी मुद्दाम शोधून बघते. जुन्या फॉन्टमधल्या सभासद यादीला अकारविल्हे लावायला जाऊ नका, क्रम इंग्रजी अक्षरांचा लागतो.

दुसरा प्रकार सीएसव्हीचा. एका संस्थेच्या सॉफ्टवेअरमधून सभासदांची यादी आली. नोटपॅडमध्ये चांगली मराठी, एक्सेलमध्ये डबल क्लिक केलं की टोप्या घातलेल्या ए-अक्षरांची रांग. फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची पद्धत) आहे, पण सुरुवातीला ते सांगणारी बीओएमची खूण नसली तर एक्सेल ती जुन्या कोडपेजनं (अक्षरांच्या जुन्या तक्त्यानं) वाचतं. डबल क्लिक करू नका. डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही घ्या, कोडपेज ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. तुम्ही स्वतः फाइल तयार करत असाल तर सेव्ह करताना "सीएसव्ही यूटीएफ-८" हाच पर्याय घ्या.

आणि यात एक फरक कायम लक्षात असू द्या. विचित्र अक्षरं दिसत असतील तर घाबरायचं कारण नाही, माहिती आत शाबूत आहे, वाचणारा चुकतोय. पण नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील आणि फाइल तशीच सेव्ह झाली असेल, तर मराठी गेली. ती कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही, मूळ फाइल शोधा. जुनं नोटपॅड एएनएसआयमध्ये (म्हणजे जुन्या कोडपेजनं) सेव्ह करताना हेच करायचं. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून ते आपोआप यूटीएफ-८ घेतं, त्यामुळं हा त्रास आता जुन्या मशीनवरच दिसतो.

वाळूजचा आयटीवाला, छत्रपती संभाजीनगर

कारखान्यात दिवसातून कितीदा तरी ऐकतो: "सर, बंद करून चालू केला, तरी तसंच." टास्क मॅनेजर उघडतो, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली अपटाइम बघतो. मशीन कित्येक दिवस चालूच!

माणूस खोटं बोलत नसतो. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. शटडाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हरही त्याच्यासोबत परत येतो. रीस्टार्टला मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणून आमच्याकडं नियमच आहे, तक्रार लिहायच्या आधी रीस्टार्ट, शटडाउन नाही. शिफ्ट दाबून शटडाउन केलं तरी चालतं.

लिनक्स शेजारी ठेवणाऱ्यांना याचाच दुसरा फटका बसतो. विंडोजची ड्राइव्ह उबुंटूत फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. कारण विंडोज पूर्ण बंदच झालेलं नसतं. जबरदस्तीनं लिहायला लावू नका, आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा.

कॉलेजातले सर, नांदेड

बीसीएच्या पहिल्या वर्षाची लॅब घेतो. "सर, पायथन टाकलंय पण चालंना" हे वाक्य ऑगस्टभर चालतं. पायथन असं टाइप केलं की विंडोजचं स्टोअर उघडतं. इन्स्टॉल करताना पाथमध्ये (विंडोज प्रोग्रॅम जिथं शोधतं ती यादी) टाकायची चौकट पोरं सोडून देतात. "पीवाय" टाइप करून बघायला सांगतो, निम्म्यांचं तिथंच चालू होतं. राहिलेल्यांचं विंडोजच्या सेटिंग्जमधल्या अॅप एक्झिक्यूशन एलियासमध्ये जाऊन स्टोअरचं बटण बंद करायचं. आणि पाथ बदलल्यावर जुनी काळी खिडकी बंद करून नवी उघडायची, उघड्या खिडकीला बदल कळत नाही.

टर्बो सी (सी भाषेचा जुना कंपायलर) अजून शिकवतात. ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्रॅम चालत नाहीत, म्हणून ते डॉसबॉक्समधून (जुन्या डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) चालवावं लागतं. यात मशीनचा दोष शून्य. माझं मत विचाराल तर जीसीसी (आजचा कंपायलर) शिकवावं, पण प्रॅक्टिकलची वही तशीच छापलेली आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका पोरीच्या लॅपटॉपनं. प्रोग्रॅम सोपा, कंपायलर तोच, बाकी सगळ्यांकडं चालतो, हिच्याकडं "फाइल सापडत नाही". वर्गातल्या हुशार मंडळींनी फॉरमॅटचा ठराव पासही केला होता. पूर्ण पत्ता छापून बघितला तेव्हा कळलं. विंडोज लावताना दुकानदारानं खात्याला तिचं नाव देवनागरीत दिलेलं, मध्ये स्पेस. यूजर्समधलं फोल्डरही त्याच नावाचं, आणि कंपायलर तात्पुरत्या फायली त्यातच ठेवायला जाई. खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. टेम्प आणि टीएमपी हे दोन्ही पत्ते सी ड्राइव्हवरच्या साध्या फोल्डराकडं वळवले, प्रोजेक्टही तिथंच ठेवला. त्या तासालाच तिचा प्रोग्रॅम चालला.

मोबाइल शॉपी, धाराशिव

पेन ड्राइव्हमधल्या फायली गायब आणि जागी फक्त शॉर्टकट? फायली आतच असतात, लपवलेल्या. शॉर्टकटवर क्लिक करू नका, त्यातूनच व्हायरस पसरतो. अॅट्रिब कमांडला वजा एच, वजा आर, वजा एस, पुढं स्लॅश एस, स्लॅश डी. फायली दिसल्या की कॉपी करून घ्या, मग पेन ड्राइव्ह खुशाल फॉरमॅट करा. पीसी नाही!

रिपेअरवाला, लातूर

सगळ्यांनी फॉरमॅटला शिव्या दिल्या, मी थोडी बाजू घेतो. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) लागलं असेल तर मी स्वतः सगळं पुसून नव्यानं टाकतो. तिथं साफसफाई करत बसण्यात अर्थ नाही.

पण हार्ड डिस्कच मरायला लागली असेल तर फॉरमॅट म्हणजे डेटाला शेवटचा निरोप. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टम लॉगमध्ये "डिस्क" या सोर्सखाली ७ नंबरचा एरर बघा. त्याचा अर्थ बॅड ब्लॉक, म्हणजे डिस्कचा खराब झालेला तुकडा. असे दिसले की चेकडिस्कला (विंडोजची डिस्क तपासणारी कमांड) स्लॅश आर लावून रात्रभर सोडू नका, मरणारी डिस्क त्यात आणखी झिजते. क्विक फॉरमॅट तर डिस्क तपासतच नाही, म्हणून "परवाच मारला होता, परत हँग" अशी गिऱ्हाइकं येतात. आधी डेटा काढून घेतो, मग एसएसडी टाकतो.

आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघितल्याशिवाय बायोसला (मदरबोर्डच्या सेटिंगला) हात लावू नका. ४८ अंकी रिकव्हरी की मागितली आणि ती कुठंच जपलेली नसेल, तर माझ्यासकट कुणीच काही करू शकत नाही.

नवीन सभासद, उदगीर

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे अपडेट बंद झाले. माझ्या पीसीला ११ चालणार नाही, टीपीएम (सुरक्षेची चिप) नाही म्हणतोय. फॉरमॅट मारून टाकलं तर चालेल का?

वाळूजचा आयटीवाला

फॉरमॅटनं टीपीएम उगवत नाही. पुष्कळ बोर्डांवर तो असतो, फक्त बायोसमध्ये बंद असतो. इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावानं शोधा. वर लातूरच्या दादांनी बिटलॉकरचं सांगितलंय ते आधी बघा. प्रोसेसरही बघावा लागेल, इंटेल असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो, एखाददुसरा अपवाद सोडता. टीपीएम डॉट एमएससी चालवून काय दिसतं ते आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव इथं टाका.