सलग १५ रणजी आणि आपली सी विंग

नितीन (बी-४०२): सी विंगने सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटचा कप परत नेला. सलग चौथा! पुढच्या वर्षी त्यांची टीम फोडा आणि चिठ्ठ्या टाका, नाहीतर बाकीचे उतरायचेच नाहीत.

कुलकर्णी काका (ए-१०३): चारलाच दमलात? मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५ वेळा रणजी जिंकली. क्रिकेट बुडालं का? त्याच मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर १९७१ला वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकून आले. गावसकरच्या ७७४, सरदेसाईच्या ६४२ धावा.

मेघना (सी-२०४): काका, मुंबईचं भलं झालं यात वाद नाही. बाकीच्यांचं काय? १९५७-५८पासून पाच झोन होते, झोनमध्ये साखळी सामने आणि पुढे जाणार फक्त पहिला नंबर. वेस्ट झोनमध्ये मुंबईबरोबर महाराष्ट्र, गुजरात, बडोदा, सौराष्ट्र. मुंबई पहिली आली की या चौघांचा मोसम तिथेच आटोपला. राजस्थान सेंट्रल झोनमध्ये, म्हणून त्यांना निदान सात वेळा मुंबईकडून फायनल हरायला तरी मिळालं 😄

नितीन: सात??

मेघना: १९६०-६१ पासून ओळीने चार, मग ६५-६६, ६६-६७ आणि ६९-७०. विनू मंकड, विजय मांजरेकर, दुराणी असे मोठे खेळाडू त्यांच्याकडून खेळले, तरी. पहिला कप थेट २०१०-११ला.

काका: जमेना त्याला मुंबई काय करणार? इथे कांगा लीग ऐन पावसाळ्यात खेळायची, १९४८पासून. न झाकलेली ओली खेळपट्टी. एक चेंडू थांबून येतो, दुसरा अंगावर उसळतो. पुढे येऊन ड्राइव्ह मारला की कॅच गेलाच. म्हणून बॅट सैल धरून, शेवटपर्यंत वाट बघून खेळायची सवय लागते. आउटफिल्डला गवत घोट्यापर्यंत, जमिनीवरून मारलेला फटका वाटेतच अडकतो. चौकार हवा तर उचलूनच मारा! बोलर भुशात हात कोरडा करून टाकतोय. असं तयार झालेलं पोर रणजीच्या सपाट खेळपट्टीवर दोन दिवस हलत नाही.

मेघना: पटलं. पण ते तालमीचं श्रेय झालं, सलग जिंकण्याचं नव्हे.

काका: एकच की! १९७०-७१ला बडे खेळाडू वेस्ट इंडिजला, तरी सुधीर नाईकच्या कप्तानीत कप आलाच. मुंबईच्या टीममध्ये जागा मिळवणंच अवघड, म्हणून दुसरी फळीही तयार.

मेघना: आणि त्या वर्षी फायनल कोणाशी होती? महाराष्ट्राशी! १९७०-७१पासूनच झोनमधले वरचे दोन घ्यायला लागले आणि पहिल्याच वर्षी एका झोनचे दोघे फायनलला. आदल्या वर्षीपर्यंत ही मॅच होणंच शक्य नव्हतं. म्हणजे १५पैकी १२ कप मुंबईने अशा नियमात जिंकले जिथे झोनमधल्या दुसऱ्या नंबरला दारच बंद.

सेक्रेटरी: उद्या ११ ते २ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

शेट्टी अंकल (डी-३०१): सगळे बोलले, मुंबईची ही सलग १५ची साखळी तोडली कोणी ते कोणी बोलेना. कर्नाटक! १९७३-७४, बंगलोरची सेमीफायनल. आमचे ३८५, विश्वनाथ १६२, ब्रिजेश पटेल १०६. मुंबई ३०७. प्रसन्नाने गावसकरला बोल्ड काढला, वाडेकर पाय घसरून रनआउट.

नितीन: हे तर पहिले डाव झाले. मॅच ड्रॉच झाली ना? मग मुंबई बाहेर कशी?

शेट्टी अंकल: बाद फेरीत ड्रॉ झाला की पहिल्या डावाची आघाडी बघतात. आघाडी आमची, आम्ही फायनलला. तिथे राजस्थानला हरवून कपही आणला.

मेघना: बलाढ्य टीमला याच नियमाचा सगळ्यात फायदा. आघाडी मिळाली की पुढे जिंकायची घाईच नाही, समोरच्याला दमवत बसायचं. कर्नाटकने मुंबईचं तेच हत्यार मुंबईवर चालवलं. आणि बघणाऱ्यांचं काय? आदल्या वर्षीची मद्रासच्या चेपॉक मैदानावरची फायनल बघा. मुंबई १५१ आणि ११३, तामिळनाडू ८० आणि ६१. वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे फिरकीवाले तामिळनाडूकडे, पण वळणाऱ्या विकेटवर मुंबईच्या शिवलकरनेच सामन्यात १३ विकेट काढल्या. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या चेंडूवर खेळ खल्लास. त्या दिवशीचं तिकीट काढणाऱ्याला काय मिळालं? एक चेंडू.

काका: शिवलकरची बोलिंग बघायला मिळाली असती तर मी एका चेंडूचेही पैसे दिले असते.

नितीन: मग आपलं काय? टीम फोडायची की नाही?

मेघना: मुळीच नाही. फोडलीत तर आठवड्यातून तीनदा प्रॅक्टिस करणारे सोडून देतील आणि सगळेच सारखे वाईट खेळतील. फॉरमॅट बदला. आत्ता सहा विंग, तीन-तीनचे दोन गट, गटातला पहिला थेट फायनलला. तुमची बी आमच्या गटात, म्हणून एक मॅच हरली की घरी. वरचे दोन घ्या, सेमीफायनल उलटसुलट लावा: या गटातला पहिला विरुद्ध त्या गटातला दुसरा. बी आणि सी परत गाठ पडेल ती फायनललाच.

सेक्रेटरी: मॅच किती वाढतील?

मेघना: सातच्या नऊ. सहा ओव्हरची मॅच पाऊण तासाची धरा, दोनचा दीड तास.

सेक्रेटरी: लाइट दहाला बंद होतात. साडेचारला सुरू करायचं असेल तर रविवारच्या मीटिंगला विषय घेतो. बॉक्सची जाळी डावीकडून फाटली आहे, तिचाही खर्च आहे.

नितीन: जाळी सी विंगनेच फाडलीय.

शेट्टी अंकल: सिक्स मारून फाडली. तुम्ही पण फाडा.