मदत हवी आहे: दोन इंजिनांची जेट बोट, डावं इंजिन चार हजार आरपीएमच्या वर जाऊनच नाही राहिलं

नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यात जेट बोट कुठून आली म्हणून हसू नका. गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर पार आंभोऱ्यापर्यंत आहे. आमची धानाची बांधी त्याच पाण्याखाली गेली, आता तिच्यावरून बोट फिरवतो. बोट ठेकेदाराची, मी चालवतो आणि बिघडली की मीच खोलतो. शिक्षण आयटीआय डिझेल मेकॅनिक, अनुभव ट्रॅक्टरचा. पेट्रोलचं, कॉम्प्युटरवालं इंजिन हातात पहिल्यांदाच आलं आहे.

बोट सेकंडहँड, समुद्रावरून आणलेली. दोन इंजिनं, दोन जेट (पाणी ओढून मागे फेकणारे पंप), प्रत्येक इंजिनाला तीन सिलिंडर, पेट्रोलची टाकी एकच. उजवं इंजिन ७२०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला इतके फेरे) बिनबोभाट जातं. डावं एका सेल्फमध्ये सुरू होतं, जरा थरथरतं, पण लोड आला की ४००० वर अडकतं. बोट डावीकडे ओढते, स्टीअरिंग सतत उजवीकडे दाबून ठेवावं लागतं. धोक्याचा हॉर्न वाजत नाही, गरम होत नाही.

पहिल्यांदा जलपर्णीवर संशय घेतला. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं, त्यावर ती इथे मस्त पोसते. डाव्या जेटचं झाकण उघडलं तर इम्पेलरला (पंपातल्या पंख्याला) मुळ्या अडकल्या होत्या आणि शाफ्टला ढिवर लोकांच्या जाळ्याची नायलॉन दोरी गुंडाळली होती. अर्धा दिवस ब्लेडनं कापून काढली. फरक शून्य.

मग काठावर ट्रॉलीवर घेऊन बोअरच्या मोटारीचा पाइप लावला आणि चालवून पाहिलं. तिथे ६००० पर्यंत जातं! पाण्यात उतरवलं की पुन्हा तेच. आता कुठे हात घालू? कंपनीचा माणूस यायचा तर जाण्यायेण्याचं भाडंच इतकं सांगतो की ठेकेदार म्हणतो, बोट विकून टाकू. रविवारी सहलीचं बुकिंग आहे.

प्रतिसाद

जेटमध्ये कचरा नाही, हे तुमच्या वर्णनातूनच कळतं. तोंडाशी पानं अडकली की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो, इंजिन किंचाळतं, आरपीएम वर जातात आणि बोट हलत नाही. तुमच्याकडे उलटं आहे, आरपीएमच चढत नाहीत. दोरीनं शाफ्ट आवळला असता तर तसं झालं असतं, पण ती तुम्ही काढली. म्हणजे इंजिनातच ताकद नाही. बाहेर ६००० दिसतात, कारण तिथे पंपाला ढकलायला पाणीच नसतं. त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

प्रतिसाद

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, दुसरं काय. पाणी ओढून घेतं आणि टाकीच्या तळाशी वेगळं होऊन बसतं.

धागाकर्ता

भाऊ, टाकी एकच आहे. पेट्रोल खराब असतं तर उजव्यानं काहून नखरे केले नसते? तरी तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवलं. पाणी वेगळं झालं नाही.

प्रतिसाद (मालवणहून)

आधी थोडं ओरडतो. बोअरचा पाइप लावताना आधी पाणी सोडलंत की आधी इंजिन? या इंजिनांना बाहेरचं पाणी थेट थंड करतं. इंजिन बंद असताना पाणी सोडलंत तर ते एक्झॉस्टमध्ये भरून उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं. आधी इंजिन सुरू, मग लगेच पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. आणि बोअरच्या मोटारीचा पूर्ण दाब कधीच देऊ नका, बागेच्या नळाइतकी धार पुरते.

आता काम. तुमच्याकडे दोन सारखी इंजिनं आहेत. एका इंजिनवाल्याला पार्ट बदलून बघायला विकत आणावा लागतो, तुमचा शेजारीच बसलाय. डाव्याचे तिन्ही प्लग काढा, क्रमानं ठेवा, रंग सांगा. झाकण उघडायच्या आधी ब्लोअर (इंजिनाच्या खणातली हवा बाहेर काढणारा पंखा) चार-पाच मिनिटं चालवा, खाली पेट्रोलची वाफ साचते. प्लग काढल्यावर मोटारसायकलवाल्याकडून कम्प्रेशन गेज आणा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजा.

धागाकर्ता

दादा, ओरडलात ते बरोबर. दोनदा आधी पाणीच सोडलं होतं. रात्री झोप नाही लागली.

प्लग: पहिला आणि तिसरा विटकरी, म्हणजे नीट जळणारे; मधला काळा आणि पेट्रोलनं ओला. पाणी दिसलं नाही. पवनीहून गेज आणला. १७०, १७२, १६८, म्हणजे तिन्हींचा दाब सारखाच. जीव भांड्यात पडला.

मधल्याची कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) पहिल्यावर लावली, पहिल्याची मधल्यावर. आता पहिला बंद पडेल असं वाटलं होतं. नाही. पुन्हा मधलाच. प्लग उजव्या इंजिनाचा लावला, तरी मधलाच. घाटाला बांधून आयडलवर एकेका कॉइलचं कनेक्टर काढून पाहिलं. पहिल्याचं काढलं की इंजिन मरायला टेकतं, तिसऱ्याचंही तसंच. मधल्याचं काढलं तर त्याला काही पडलेलीच नाही.

प्रतिसाद (मालवणहून)

मग झालंच की. दाब आहे, प्लग ओला म्हणजे पेट्रोल येतंय, कॉइल आणि प्लग चांगले. ठिणगीच येत नाही, म्हणजे वायर. बोट समुद्रावरची म्हणालात ना? मधल्या कॉइलच्या कनेक्टरचं रबर मागे सारा आणि पिना बघा. हिरवं दिसलं तर समजा. बॅटरी काढून मल्टीमीटरनं कॉइलपासून इसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) प्लगपर्यंत प्रत्येक वायर तपासा. सिग्नलच्या वायरला टेस्ट लॅम्प लावू नका, इसीयू जळाला तर बोट खरंच विकावी लागेल.

आणि तोपर्यंत इंजिन चालवू नका. न जळालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकचा वास घ्या.

धागाकर्ता

सापडलं!!

रबरामागे पिना ठीक होत्या, जराशी बुरशी. म्हटलं, दादांचा अंदाज चुकला. पण मीटर सिग्नलच्या वायरवर वाजेना, म्हणजे वायर आत कुठेतरी तुटलेली. वायर हलकीच ओढली तर कनेक्टरपासून चार बोटांवरून हातातच आली. वरचं प्लास्टिक एकदम नवं, आत तांब्याचं हिरवं पीठ. मिठाच्या पाण्यानं आतून खाल्लेली. चांगलं तांबं लागेपर्यंत कापत गेलो तर वीतभर गेली. नवा तुकडा झाळून जोडला, वर आकसणारी नळी चढवली.

संध्याकाळी दहाच मिनिटं पाण्यात नेली. डावं ७१००. स्टीअरिंगवरचा हात सोडला तरी बोट सरळ. काठावरच्या डोंग्यातले दोघे मामा बिड्या विझवून पाहत होते.

पण दादांचं दुसरंही खरं निघालं, आणि ती दहा मिनिटंही न्यायला नको होती. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आहे आणि ऑईलची पातळी खुणेच्या वर. या बोटीला खालून ऑईल काढायचा बोल्टच नाही, डिपस्टिकच्या भोकातूनच ओढायचं आहे. पंप नाही, म्हणून सलाईनची नळी आणि गुरांच्या डॉक्टरकडची मोठी सिरिंज घेऊन बसलो आहे. दोन तासांत दीड लिटर निघालं. आता सांगा, इंजिन थोडं गरम करून काढलं तर लवकर येईल का, की पेट्रोल मिसळलेलं असताना सुरू करायचंच नाही?

प्रतिसाद (मालवणहून)

सुरू करायचंच नाही. बसा ओढत. फिल्टरही बदला, आणि नव्या ऑईलवर तासभर चालवून पुन्हा वास घ्या. आला तर परत बदला. उजव्या इंजिनाच्या तिन्ही वायरी पण ओढून बघा, तीही त्याच समुद्रातून आलीयत.